स्वस्त स्मृतीचा इतिहास

१/ घरच्या संगणकासाठी एसएसडी घेताना टीएलसी की क्यूएलसी, हा पेच हमखास पडतो. त्याची मुळे १९८०च्या दशकातील जपानमध्ये आहेत.

२/ तेव्हाच्या ईईप्रॉम चिपमध्ये एकेक बाइट स्वतंत्रपणे पुसता येई. मात्र ती महाग पडे. तोशिबाचे अभियंते फुजिओ मासुओका यांनी ही सोय सोडून दिली. मोठा भाग एकाच वेळी पुसणारी त्यांची स्वस्त स्मृती १९८४ मध्ये जगापुढे आली. पुसण्याचा तो वेग पाहून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला. तेच नाव रूढ झाले.

३/ तरीही १९९१ मधील २० मेगाबाइटच्या एसएसडीची किंमत सुमारे १,००० डॉलर होती. पुढे एकाच सेलमध्ये अधिक बिट कोंबून ती उतरवली गेली : आरंभी १, टीएलसीत ३, क्यूएलसीत ४.

४/ प्रत्येक लिहिण्या-पुसण्यागणिक सेलमधील विद्युतरोधक थर झिजतो. बिट जितके जास्त, तितकी झीज सोसण्याची क्षमता कमी. म्हणूनच रोजच्या कामाच्या मुख्य ड्राइव्हसाठी टीएलसी श्रेयस्कर. क्वचित बदलणाऱ्या साठ्याला क्यूएलसी पुरते. खरेदीपूर्वी टीबीडब्ल्यू, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहिण्याची हमी आहे, तो आकडा अवश्य पाहावा.

५/ स्मृती स्वस्त झाली ती दर वेळी काहीतरी सोडून देऊनच. घरच्या छायाचित्रांची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे, हाच या इतिहासाचा व्यावहारिक धडा.