गर्भवतीचे ताट : आपल्या जिल्ह्यातील एका समजुतीचा इतिहास

स्मरणिकेच्या पानांतून आपण आजवर ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची चरित्रे, घराण्यांचे वृत्तांत आणि देवस्थानांच्या हकिकती वाचीत आलो आहोत. आपल्या आज्या-पणज्यांच्या ताटात काय वाढले जात होते, ह्याची नोंद मात्र त्यांत क्वचितच आढळते. ही उणीव अंशतः तरी भरून काढावी, ह्या हेतूने प्रस्तुत विषय आम्ही निवडला आहे.

अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, हा मूळचा अवर्षणाचा जिल्हा. बाजरी-ज्वारीची भाकरी, हुलग्याचे माडगे, तिखट चटणी आणि हंगामातील पालेभाजी हा येथील सामान्य कुटुंबाचा आहार. सासुरवाशिणीचा दिवस पहाटे जात्यावर सुरू होई. आडाचे पाणी, चूल, शेणगोठा आणि सुगीत शेतावरचे काम ह्यांतून गर्भारपणातही तिला सुटका नसे. घरातील पुरुष जेवत, मग मुले, मग वडीलधाऱ्या बायका. सर्वांमागून सून पानावर बसे. तोवर कोरड्यास संपलेले असे आणि ती उरल्या भाकरीवर भागवी.

सातव्या महिन्यात डोहाळेजेवण होई. हिरवे लुगडे, फुलांची वाडी, भरली ओटी, पंचपक्वान्नांचे ताट; कौतुकास तोटा नसे. पुढे मूल जन्मास आले की डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आणि तुपाची सढळ धार सुरू होई. परंतु एक दिवसाचा सोहळा आणि बाळंतिणीचा खुराक ह्यांच्यामधील दोन महिने कोरडेच जात. इतकेच नव्हे, तर आठव्या-नवव्या महिन्यात मुद्दाम कमी खावे, नाहीतर मूल पोटात फार मोठे होऊन बाई अडेल, अशी दृढ समजूत जिल्ह्यातच काय, देशातील अनेक भागांत होती.

ह्या समजुतीस हसणे सोपे आहे. परंतु तिच्या मुळाशी खरीखुरी भीती होती. मुली लहान वयात बोहल्यावर चढत. १९२९ च्या शारदा कायद्यानेही मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ वर्षेच ठरविले होते. ते १८ होण्यास १९७८ साल उजाडावे लागले. पोटभर अन्नावाचून वाढलेल्या, अंगाने अपुऱ्या मुलीची कंबर अरुंद राही. बाई अडली तर दवाखाना कित्येक कोस दूर आणि वाहन बैलगाडीचे. अशा वेळी मूल लहान असावे असे आईला व सुईणीला वाटले, तर त्यांना अडाणी म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही.

तथापि ही समजूत शास्त्राची आज्ञा होती, असे मात्र नव्हे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीचा महिनावार आहार सांगितला आहे आणि त्यात आठव्या महिन्यासाठी दुधात शिजविलेली, तूप घातलेली यवागू, म्हणजे पेज, सांगितली आहे. आधुनिक वैद्यकाचेही म्हणणे असेच आहे. अठ्ठाविसाव्या आठवड्यात सुमारे एक किलो असलेला गर्भ जन्मापर्यंत अडीच-तीन किलोंचा होतो आणि पुढे काही महिने पुरेल इतके लोह आईकडून ह्याच काळात साठवितो. आईने अन्न तोडले तर मूल अशक्त जन्मते आणि आईच्या अंगचे रक्तही आटते.

रक्ताच्या ह्या प्रश्नाचा एक मोठा शोध आपल्याच मुंबईत लागला. इंग्लंडच्या डॉ. लूसी विल्स १९२८ मध्ये तेथे आल्या आणि गिरणीत काम करणाऱ्या गरीब गर्भवतींच्या पांडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या साध्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यामागील द्रव्य पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. तेच आजचे फॉलिक आम्ल होय.

आपल्या जिल्ह्यात ह्या ज्ञानाला घराघरांत पोहोचविण्याचे श्रेय जामखेडला द्यावे लागेल. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. गावाने निवडलेल्या बायकांनाच त्यांनी आरोग्यसेविका केले. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, कित्येक अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींतील होत्या. शिक्षणासाठी निरनिराळ्या जातींच्या ह्या बायका एकत्र बसल्या, एकत्र जेवल्या. आणि ज्या घरांचे उंबरे त्यांना बंद होते, त्याच घरांतील सुनांची पोटे त्यांनी तपासली. ज्ञातीच्या स्मरणिकेत ही गोष्ट आम्ही बुद्धिपुरस्सर नमूद करीत आहोत.

ह्या सेविकांनी गर्भवतीला नुसते ‘खा’ म्हणून सांगितले नाही. कोणाचे बाळंतपण अवघड जाईल हे त्या आधीच ओळखू लागल्या आणि अशा बाईला वेळेवर रुग्णालयात धाडू लागल्या. अडण्याची भीती ओसरली, तेव्हा उपाशी राहण्याचे कारणही उरले नाही. प्रकल्पाच्या गावांत १९७१ मध्ये हजारी १७६ असलेला बालमृत्यूंचा आकडा १९९० नंतरच्या दशकात तिसाच्या आत आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासातही, गर्भारपणात पालेभाज्या व फळे अधिक वेळा खाणाऱ्या मातांची मुले जन्मतः अधिक भरदार आढळली. मेथी, तांदुळजा, चाकवत, घोळ, शेवग्याचा पाला हे आपल्या बांधावरचेच धन होय. शासनानेही १९७५ पासून अंगणवाडीतून गर्भवतींना पूरक आहार देऊ केला आणि २०१५ मध्ये आदिवासी भागांसाठी अमृत आहार योजना आरंभिली. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत रोज एक वेळचे चौरस, गरम जेवण हे तिचे मुख्य अंग होय. आपल्या जिल्ह्यातील अकोले तालुक्याचा आदिवासी पट्टा तिच्या कक्षेत येतो.

वाचकहो, आज आपल्या घरांत अन्नाची ददात नाही. तरीही सुनेने मागून जेवण्याची रीत आणि गर्भारपणातही उपासतापास करण्याचा आग्रह पुष्कळ ठिकाणी शिल्लक आहे. डोहाळेजेवणाचे सोहळे तर पूर्वीपेक्षा थाटाचे होऊ लागले आहेत. त्यांस आमचा विरोध नाही. आमची विनंती एवढीच की, त्या दिवशी जे ताट मानाने पुढे ठेवले जाते, त्यातील भाकरी, डाळ, पालेभाजी, दूध आणि फळ एवढे तरी नववा महिना सरेपर्यंत रोज तिला मिळावे. वैद्याने दिलेल्या लोहाच्या गोळ्या चुकू नयेत. आणि घरातील वडील स्त्रीने पहिले पान तिचे वाढावे. आपल्या पणज्यांना जे लाभले नाही, ते आपल्या सुना-लेकींना देणे आता सर्वस्वी आपल्याच हाती आहे.