गावरान स्वयंपाकघर: माळवदाखालच्या चुलीचा इतिहास

१/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांना भोकरदन ठाऊक असते ते एका हस्तिदंती मूर्तीमुळे. १९७३ च्या उत्खननात सापडलेली ही मूर्ती पॉम्पेई येथे मिळालेल्या भारतीय मूर्तीशी साम्य दाखवते. जालना जिल्ह्यातील हे गाव सातवाहनकाळी दूरच्या व्यापाराशी जोडलेले होते. पण त्या नगरीत रोज चूल कोण पेटवत होते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आजचा थ्रेड चुलीविषयी.

२/ निमित्त घरगुती आहे. याच जिल्ह्यातले आमच्या आजोळचे जुने माळवदाचे घर पाडून नवे बांधायचे ठरले आहे. मामेभावाला स्वयंपाकघर 'गावरान' धाटणीचे हवे: भिंतीवर वारली चित्रे, मातकट फरशा, कोपऱ्यात शोभेचे जाते. मामींची अट एकच: "काहीही करा, पण डोळ्यांत धूर नको." या दोन मागण्यांच्या मध्ये बराच इतिहास आहे.

३/ वारली चित्रे पालघर-डहाणूकडची. मराठवाड्याचे गावरान घर म्हणजे माळवद: दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचे सपाट छत. उन्हाळ्यात आतला गारवा टिकतो तो या जाडीमुळे. छताला एक भोक ठेवलेले असते, त्याला 'साणे' म्हणतात. उजेड आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची वाट तीच.

४/ या स्वयंपाकघराचा खरा आधार चूल नव्हे, साठवण. ज्वारी एका हंगामात येते, भाकरी वर्षभर लागते. म्हणून भिंतीतले बळद, तुराट्यांची विणून शेणमातीने लिंपलेली कणगी आणि जमिनीखालचे पेव. शेतीची जमीन ती 'काळी', वस्तीची ती 'पांढरी'. पेव खोदत ते पांढरीत. कोंडलेल्या वायूने जीव जाऊ नये म्हणून उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार याच पेवाचा.

५/ ही पद्धत किती जुनी? पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या ताम्रपाषाणयुगीन घरांत धान्याची बळदे, कणग्यांचे गोल ओटे आणि चुली मिळाल्या. दळण्यासाठी तेव्हा पाट्यासारखे दगड होते. फिरते जाते पुष्कळ नंतरचे.

६/ आता चूल. मुख्य चुलीच्या शेजारी 'वैल' असते. मुख्य जाळाची उरलेली धग आतून तिकडे जाते. पुढे तव्यावर भाकरी, वैलावर मंद शिजणारे वरण. मागचा छोटा कट्टा म्हणजे 'भानवस', उतरवलेली भांडी ठेवण्याची जागा. भाजलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करून फुगवायची. एका जाळात तीन कामे होत.

७/ एवढी काटकसर का? या भागात जंगल विरळ. सरपण म्हणजे कापसाच्या पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या. पऱ्हाट्या भरकन जळतात, त्यामुळे धग वाया घालवणे परवडत नसे.

८/ स्वयंपाक बसून होई. पिठाचा डबा, काटवट, पाण्याचा तांब्या, सगळे हाताच्या अंतरावर. १९२६ साली मार्गारेट शुट-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीने 'फ्रँकफर्ट किचन' आखले, तेव्हा तिनेही बाईची पावले मोजून ती वाचवली. आपला उभा ओटा त्याच आधुनिक विचाराच्या घराण्यातला. पावले वाचवण्याची अक्कल मात्र आमच्या आज्यांना नकाशाशिवाय होती.

९/ येथे थांबलो तर हा थ्रेड खोटा ठरेल. साण्यातून सगळा धूर जात नसे. उरलेला बायकांच्या छातीत जाई. घरातील इंधनाच्या धुराने २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पहाटेचे दळण हेही कष्टच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जमवलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या त्या कष्टांतूनच जन्मल्या.

१०/ साठवणीचेही तसेच. पाऊस आला तरच बळद भरणार. १९७२ च्या दुष्काळात पेवे रिकामी पडली आणि मराठवाड्याने परदेशातून आलेली मिलो ज्वारी खाल्ली. शिवाय भरलेले पेव सगळ्यांच्या घरी कधीच नव्हते. चुलीपर्यंत कोणी यायचे आणि कोणी दाराबाहेरच थांबायचे, हे जात ठरवत असे.

११/ मग नव्या घरात काय घ्यावे? माझी यादी अशी: शेगडीच्या वर धूर ओढणारा पंखा आणि छताला काचेचे साणे. शेगडीमागे भानवसाइतका कट्टा. पश्चिमेची भिंत जाड, तिच्यात फडताळ आणि वर्षाच्या धान्याच्या कोठ्या. बसून काम करण्यासाठी एक बुटका ओटा, पाट्यासकट. आणि बैठकीकडे उघडणारे रुंद दार, म्हणजे स्वयंपाक करणारी व्यक्ती घराबाहेर पडल्यासारखी आत कोंडणार नाही.

१२/ मामींनी यादी ऐकली आणि जात्याचे विचारले. ते अंगणात ठेवू, असे ठरले. कोणाला दळायचे असेल तर दळता येईल.

तुमच्याकडेही जुने घर पाडायचे असेल, तर आधी एक दिवस काढा. चुलीची उंची, साण्याचे माप, बळदाची खोली मोजा. छायाचित्रे घ्या. घरातल्या सर्वांत वृद्ध बाईंना प्रत्येक वस्तूचे नाव विचारा आणि त्या म्हणतील तसेच लिहून ठेवा. आमच्या आजी राहिल्या नाहीत. भानवसाला त्या काय म्हणत, हे मला मामींकडूनच कळले.