समुद्रमार्गाचें भाडें : किंमत, जोखीम व जकात यांचा पूर्वापर विचार

(१) वाकोला हें गांव आज मुंबईच्या उपनगरांत बुडून गेलें असलें, तरी मूळचें तें साष्टी बेटांतलें. गांवचा नाला मिठी नदीस मिळतो व मिठी माहीमच्या खाडीस. ही खाडी ओलांडून वांद्र्याहून माहीमास जावयाचें, तर इ. स. १८४५ पूर्वीं नावेशिवाय गति नव्हती व नावाड्यास पैसे दिल्याशिवाय नाव नव्हती. त्या वर्षीं सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनीं दिलेल्या द्रव्यांतून माहीमचा बंधारा पुरा झाला, आणि जाणारा-येणारापासून कर घेऊं नये अशा अटीमुळें ती वाट सर्वांस मोकळी झाली. तात्पर्य, पाण्यावरची वाट आणि तिचें मोल हा विषय आमच्या भागास परका नाहीं.

प्रस्तुत लेखाचें निमित्त मात्र अगदीं अलीकडचें आहे. माझा एक जुना विद्यार्थी या भागांत लहानसा कारखाना चालवितो. त्यानें परदेशांतून यंत्राचे सुटे भाग मागविण्याचें ठरविलें. दोन ठिकाणचे भाव आले. एकावर ‘एफ. ओ. बी.’ अशीं अक्षरें होतीं, दुसऱ्यावर ‘सी. आय. एफ.’ अशीं. दुसऱ्यांत भाडें व विमा धरलेला, शिवाय एकूण आंकडाही कमी. तेव्हां त्यानें दुसरा भाव पत्करला. माल न्हावाशेवा बंदरीं उतरला आणि तेथील हस्तकानें बंदरखर्च, कागद सोडविण्याचा आकार, गोदामाचें भाडें अशी एक लांबलचक यादी त्याच्या हातीं ठेविली. वांचलें असें वाटत होतें त्याहून अधिक रक्कम त्या यादींत गेली. तो मजकडे येऊन म्हणाला, “सर, भाडें विकणारानें भरलें होतें ना? मग हें कशाचें?” मला व्यापाराचें ज्ञान नाहीं, आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. तथापि प्रश्न ऐकून जुन्या ग्रंथांतील कांहीं स्थळें आठवलीं व त्यांचा धागा आजपर्यंत आणून पाहावा असें वाटलें.

(२) प्रथम स्मृतिकारांचें मत पाहूं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत नदीच्या तरीचे दर दिले आहेत. रिकाम्या गाडीस एक पण, मनुष्याच्या ओझ्यास अर्धा पण, पशु व स्त्री यांस पाव पण, रिकाम्या हातानें जाणाऱ्या पुरुषास त्याच्याही निम्मे. भरलेल्या गाडीचें भाडें मालाच्या मोलावरून ठरवावें, व दूरच्या जलप्रवासाचें देशकालानुसार. हे सर्व सांगून झाल्यावर मनु म्हणतो कीं, हे नियम नदीकांठचे समजावे, समुद्राविषयीं असें लक्षण सांगतां येत नाहीं. हें वाक्य मला फार महत्त्वाचें वाटतें. ज्या शास्त्रकारानें पाव-अर्ध्या पणाचा हिशेब सोडला नाहीं, तो समुद्राशीं येऊन थांबला. त्याच अध्यायांत अन्यत्र, समुद्रप्रवासांत कुशल आणि देश, काल व अर्थ जाणणारे लोक जो दर ठरवितील तोच प्रमाण, असें तो म्हणतो. म्हणजे समुद्रावरील दर हा राजाज्ञेचा नव्हे, जाणकारांच्या ठरावाचा विषय आहे.

जोखमीचा विचारही तेथेंच आहे. नावाड्यांच्या चुकीनें मालाची नासाडी झाली, तर सर्व नावाड्यांनीं मिळून ती भरून द्यावी. दैवी आपत्तीनें झाली, तर त्यांस दंड नाहीं. याज्ञवल्क्य अरण्यमार्गें जाणाऱ्या ऋणकोस दरमहा शेंकडा दहा व समुद्रावर जाणाऱ्यास शेंकडा वीस व्याज सांगतो. समुद्रावरचा धोका अरण्याच्या दुप्पट, हें त्या काळचें माप झालें. विमा हा स्वतंत्र व्यवहार नव्हता, तेव्हां तो व्याजांत लपलेला होता.

(३) कौटिल्याकडे वळलें म्हणजे हिशेब अधिक रेखीव होतो. श्यामशास्त्री यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत पण्याध्यक्षाचें प्रकरण आहे. परदेशीं माल न्यावयाचा, तर आपल्या मालाची व त्याबदलीं मिळणाऱ्या मालाची किंमत पाहून त्यांतून शुल्क, वाटेवरील कर, रखवालीचा खर्च, तरीचे पैसे, अन्नखर्च हीं वजा जातां लाभ राहतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें. जलमार्गासाठीं तो निराळी यादी देतो : यानभाटक म्हणजे नौकेचें भाडें, पथ्यदन म्हणजे वाटेवरचें अन्न, यात्राकाल म्हणजे प्रवासाची मुदत, भयप्रतीकार म्हणजे संकटनिवारणाचा खर्च, आणि ज्या बंदरीं माल उतरावयाचा तेथील चालीरीति. आमचें ‘भाडें’ हें यांतील ‘भाटक’ शब्दाचेंच रूप.

या यादींतील शेवटचीं दोन कलमें विशेष पाहण्याजोगीं आहेत. भयप्रतीकार हें कलम आपल्या किनाऱ्यावर कधींच बंद झालें नाहीं. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांचें ‘कार्ताझ’ घेतल्याखेरीज व्यापारी जहाजास सुरक्षित फिरतां येत नसे. पुढें कान्होजी आंग्रे यांनीं आपलें दस्तक चालविलें. नोव्हेंबर १९२३ नव्हे, तर नोव्हेंबर २०२३ ची गोष्ट आहे कीं तांबड्या समुद्रांत व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, कित्येक कंपन्यांनीं सुएझचा कालवा सोडून आफ्रिकेस वळसा घातला, व युद्धजोखमीचा अधिक आकार मालवाल्यांच्या बिलांत उतरला. दोन हजार वर्षांत कलमाचें नांव बदललें, कलम तेंच. दुसरें कलम उतरण्याच्या बंदरींच्या चालीरीतींचें. माझा विद्यार्थी नेमका तेथें फसला.

(४) मध्यंतरींच्या काळांत मराठींत एक मार्मिक शब्द रूढ झाला, तो ‘हुंडाभाडें’. हुंडा म्हणजे उक्ती, एकवट ठरविलेली रक्कम. हुंडेकरी माल उचली, तेव्हां वाटेंतील जकाती व इतर सर्व खर्च त्या एकाच रकमेंत धरून माल ठिकाणीं पोंचविण्याचें पत्करी. व्यापाऱ्यास दर नाक्यावर पैसे मोजीत बसावें लागत नसे. हा धंदा इतका स्थिर होता कीं हुंडेकरी हें आडनांव आजही चालू आहे. साधें भाडें निराळें व हुंडाभाडें निराळें, हा भेद ज्यांस घरच्या भाषेंत ठाऊक होता, त्यांस परदेशी अक्षरांचा अर्थ कळण्यास वेळ लागला नसता.

(५) आतां मराठ्यांच्या इतिहासांतील एक प्रसिद्ध पत्र या दृष्टीनें पाहूं. इ. स. १६७१ मध्यें शिवाजी महाराजांनीं कुडाळ प्रांतीचे अधिकारी नरहरी आनंदराव यांस मिठाच्या जकातीविषयीं लिहिलें. पोर्तुगीजांच्या ताब्यांतील बारदेशचें मीठ स्वस्त पडे. संगमेश्वराकडील मिठाचा निरख चढा होता. महाराजांचा आशय असा कीं, संगमेश्वराचा भाव काय पडतो, त्यास खर्च काय लागतो, हें मनास आणून बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवावी कीं तें विकावयास आलें असतां महागच पडावें. तसें न केल्यास सारे व्यापारी बारदेशाकडे वळतील व आपलीं बंदरें बसतील.

या पत्राचा उल्लेख स्वदेशी मालाच्या संरक्षणाचें उदाहरण म्हणून नेहमीं होतो व तें यथार्थच आहे. परंतु त्यांतील हिशेबाच्या रीतीकडे कमी लक्ष गेलें आहे. महाराज आगरावरच्या भावाची तुलना आगरावरच्या भावाशीं करीत नाहींत. माल बाजारांत येऊन पडेपर्यंत त्यास काय बसतें, तो ‘पडता भाव’ ते धरतात. मूळ किंमत, वाहतूक व जकात अशीं तीन कलमें सुटीं करून, ज्या एका कलमावर आपली सत्ता आहे तें हलवून ते एकंदर फिरवितात. आयात करणाऱ्या प्रत्येकानें शिकावी अशी ही रीत आहे.

(६) एकोणिसाव्या शतकांत सत्तेचें स्थान जकातीकडून भाड्याकडे सरकलें. १८६९ त सुएझचा कालवा खुला झाला व आगबोटींच्या मोठ्या कंपन्यांनीं आपसांत संघ करून दर बांधले. मुंबईहून जपानास जाणारा कापूस व सूत पी. अँड ओ. प्रभृति तीन कंपन्यांच्या हातीं होतें. दर टनास सतरा रुपयांच्या सुमारास होता. हा टन वजनाचा नव्हे, चाळीस घनफूट जागेचा. कारण हलक्या पण फुगीर मालास जागेवरून आकारण्यांत कंपनीचा लाभ असतो.

१८९३ त जमशेटजी टाटा जपानास गेले व निप्पॉन यूसेन कैशा या जपानी कंपनीशीं संधान बांधून त्यांनीं मुंबईची नवी जहाजवाट सुरू केली. ‘ॲनी बॅरो’ हें जहाज भाड्यानें घेतलें व दर बारा रुपयांवर आणला. प्रतिपक्षानें दर दीड रुपयापर्यंत पाडला, आणि टाटांच्या व जपानी जहाजांतून माल पाठविणार नाहीं असें जो कबूल करील त्यासच सवलत ठेविली. दीड रुपयांत कोळशाचाही खर्च निघत नव्हता, हें सर्वांस दिसत होतें. तरीही मुंबईचे गिरणीवाले एकेक करून स्वस्त दराकडे गेले. टाटांची जहाजवाट थोड्याच काळांत बंद पडली.

उलट जपानी सूतगिरण्यांच्या संघानें आपल्या कंपनीशीं करार केला होता, व समोर दीड रुपयाचा दर दिसत असतां तो करार पाळून अधिक भाडें दिलें. त्यांची जहाजवाट टिकली, आणि १८९६ त जुन्या कंपन्यांस तिच्याशीं समेट करावा लागला. दोन्ही देशांच्या व्यापाऱ्यांपुढें एकच आंकडा होता. एकांनीं त्या दिवसाचें भाडें पाहिलें, दुसऱ्यांनीं पुढील दहा वर्षांचें. आपल्या लोकांस दोष देणें सोपें आहे. पण गिरणीवाला तोट्यांत असतां साडेदहा रुपयांची बचत नाकारणें कठीण, हेंही मान्य केलें पाहिजे. उणीव धैर्याची नव्हती, संघाची होती.

(७) १९१९ त हाच प्रयोग पुनः झाला. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनीं सिंदिया कंपनी काढली. तिचें ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजीं मुंबईहून लंडनास निघालें. रंगूनच्या तांदळाचें भाडें प्रतिपक्षानें टनास अठरा रुपयांवरून सहा रुपयांवर आणलें. सुटीची पद्धतिही जुनीच होती : भाड्यांतील कांहीं हिस्सा परत देण्याचें वचन द्यावयाचें, पण तो कांहीं महिने राखून ठेवावयाचा, आणि तेवढ्यांत दुसऱ्याच्या जहाजांतून माल गेल्यास बुडवावयाचा. सिंदियास १९२३ त दहा वर्षांचा करार करून किनाऱ्यावरील व्यापारापुरतें राहावें लागलें. पण ती जगली. ५ एप्रिल हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

(८) आतां त्या अक्षरांकडे येऊं. पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय व्यापारमंडळानें १९३६ त या संज्ञांचे अर्थ प्रथम एकत्र बांधले. २०२० च्या आवृत्तींत अकरा संज्ञा असून त्यांपैकीं चार केवळ जलमार्गाच्या आहेत. ‘एफ. ओ. बी.’ म्हणजे विकणारानें निघण्याच्या बंदरीं माल जहाजावर चढवून द्यावयाचा. पुढील भाडें, विमा व धोका घेणाराचा. पूर्वीं जहाजाचा कठडा ही सीमा मानीत. २०१० च्या आवृत्तीपासून माल जहाजावर ठेवला जाणें ही सीमा झाली. ‘सी. आय. एफ.’ मध्यें विकणारा उतरण्याच्या बंदरापर्यंतचें भाडें व विमा भरतो. येथें बहुतेकांची समजूत चुकते. भाडें उतरण्याच्या बंदरापर्यंत भरलें म्हणून धोकाही तेथपर्यंत त्याचाच, असें नाहीं. धोका माल चढतांच घेणाराकडे येतो. विकणारानें उतरविलेला विमाही, निराळें ठरलें नसल्यास, कमीत कमी संरक्षणाचा असतो. म्हणजे खर्चाची सीमा एक व जोखमीची दुसरी. आमचा हुंडेकरी या दोन्ही सीमा बहुधा एकाच ठिकाणीं ठेवीत असे. तो अर्थ हवा असल्यास निराळी संज्ञा मागावी लागते. शिवाय पेटाऱ्यांत भरलेला माल जहाजापूर्वींच बंदराच्या आवारांत सोंपविला जातो, म्हणून अशा मालास ‘एफ. ओ. बी.’ ऐवजीं ‘एफ. सी. ए.’ ही संज्ञा घ्यावी, असा त्या मंडळाचाच सल्ला आहे.

जकातीचा हिशेबही भाडें व विमा धरूनच होतो. २००७ च्या भारतीय मूल्यांकन-नियमांप्रमाणें भाडें किती हें कळत नसेल, तर तें ‘एफ. ओ. बी.’ किंमतीच्या शेंकडा २० धरतात व विमा शेंकडा १.१२५. लाख रुपयांच्या मालाची किंमत अशा वेळीं १,२१,१२५ रुपये धरली जाते, व जकात तिच्यावर बसते. खरें भाडें लाखास आठच हजार असेल, तर त्याचा कागद जपून न ठेवणारा बारा हजारांवरची जकात फुकट भरतो.

(९) माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येतें. भाडें विकणारानें भरलें हें खरें; पण तें ठरविलेंही त्यानेंच, आणि हस्तकही त्याच्याच बाजूचा निवडला. निघण्याच्या बंदरीं जें स्वस्त दाखविलें, तें उतरण्याच्या बंदरीं वसूल झालें. कौटिल्याच्या यादींतील शेवटचें कलम त्यानें विचारलें नव्हतें. पुढच्या खेपेस त्यानें दोन्ही भाव सुटे करून मागितले, बंदरींचा सर्व आकार आधीं लेखी घेतला, आणि शेजारच्या दोघां कारखानदारांस बरोबर घेऊन एकाच पेटाऱ्यांत माल आणविला. ‘एफ. ओ. बी.’चा मोठा दिसणारा भाव शेवटीं कमी पडला. तिघे एकत्र आले याचा मला त्या बचतीहून अधिक आनंद झाला. १८९३ त मुंबईच्या गिरणीवाल्यांस जें साधलें नाहीं, तें वाकोल्याच्या तीन लहान कारखानदारांनीं एका पेटाऱ्यापुरतें कां होईना, साधलें.

समुद्रास लक्षण नाहीं, असें मनु म्हणाला. तें आजही खरें आहे. दर वाऱ्याबरोबर बदलतात. पण हिशेबास लक्षण आहे, आणि तें आपल्या पूर्वजांनीं वेळोवेळीं लिहून ठेवलें आहे. जाणकारांनीं यांत उणें-अधिक दाखविल्यास मी ऋणी होईन.