श्रोता की सभासद? : शटॉक्वा सभांच्या इतिहासातील एक प्रश्न

वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आपण लेखकांचा, ग्रंथांचा, नियतकालिकांचा आणि फार तर प्रकाशनसंस्थांचा मागोवा घेतो. वाचक त्यात अधूनमधून डोकावतो. श्रोता मात्र जवळजवळ नसतोच. वस्तुतः एकोणिसाव्या शतकात नवे विचार जितके डोळ्यांनी वाचले गेले, तितकेच ते कानांनी ऐकले गेले. पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, हे आपल्या परिचयाचे आहे. त्याच्या आदल्याच उन्हाळ्यात, १८७४ च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला एका तळ्याकाठी अशीच एक सभा भरली होती. दोन्ही उपक्रम एकमेकांपासून स्वतंत्र होते; पण शाळेचे वय मागे पडलेल्या माणसांची ज्ञानाची भूक ही दोहोंमागची प्रेरणा एकच होती. त्या तळ्याचे नाव शटॉक्वा. तेच नाव पुढे एका चळवळीचे आणि मग एका सामान्यनामाचेही झाले. या चळवळीचा उदय, विस्तार आणि अस्त पाहताना एक प्रश्न आम्हांला पुनःपुन्हा भेटतो : सभेत समोर बसलेला माणूस नुसता श्रोता असतो, की त्या सभेचा सभासद?

शटॉक्वाचे संस्थापक दोन. जॉन हाइल व्हिन्सेंट हा मेथडिस्ट पंथाचा धर्मोपदेशक, तर लुइस मिलर हा ओहायो राज्यातील ॲक्रन गावचा, शेतीची यंत्रे बनवणारा कारखानदार. (थॉमस एडिसन हा पुढे या मिलरचा जावई झाला.) रविवारच्या धर्मशाळांत शिकवणाऱ्या शिक्षकांना धड प्रशिक्षण मिळत नाही, ही दोघांची खंत होती. त्या काळी अमेरिकेत रानात तंबू ठोकून धर्मजागृतीचे मेळावे भरत. तेथे आवेशपूर्ण प्रवचने होत, माणसे रडत, पापांची कबुली देत. व्हिन्सेंटला हा भावनेचा पूर मान्य नव्हता. त्याने जागा तीच घेतली, म्हणजे अशाच मेळाव्यांचे तळ्याकाठचे मैदान. झाडी आणि तंबू तेच ठेवले, पण आतला आशय बदलला. हुंदक्यांच्या जागी अभ्यास आला. पंथभेद बाजूला ठेवून सर्व प्रॉटेस्टंट शिक्षकांना आवतण गेले. पहिली सभा दोन आठवडे चालली. बायबलातील भूगोल समजावा म्हणून तेथे जमिनीवरच पॅलेस्टाइनचा उठावाचा नकाशा रचण्यात आला. तळ्याला भूमध्य समुद्र मानून शिक्षक त्या चिमुकल्या टेकड्यांमधून फिरत. धर्मशिक्षणाच्या दारातून भूगोल आत आला, त्यामागून इतिहास, भाषा, विज्ञान आणि संगीत आले. काही वर्षांतच धर्म, शिक्षण, कला आणि विरंगुळा असा चौरंगी कार्यक्रम उभा राहिला.

मात्र शटॉक्वाचे खरे वैशिष्ट्य तळ्याकाठच्या व्याख्यानांत नव्हते, असे आमचे मत आहे. व्याख्यान संपले की श्रोता घरी जातो आणि वर्षभर पुन्हा एकटा पडतो. व्हिन्सेंटला हे उमगले होते, कारण महाविद्यालयीन शिक्षणाला मुकल्याचे शल्य त्याच्या स्वतःच्या मनात होते. १८७८ साली त्याने ‘शटॉक्वा लिटररी अँड सायंटिफिक सर्कल’ हे वाचनमंडळ स्थापन केले. चार वर्षांचा अभ्यासक्रम, दरवर्षी नेमलेली पुस्तके, घरच्या घरी वाचन, आणि जमल्यास गावातल्या चार वाचकांनी एकत्र येऊन चर्चा करायची, अशी ही योजना होती. पहिल्याच वर्षी आठ हजारांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. १८८० पासून ‘द शटॉक्वन’ हे मासिक निघू लागले. पुढे शोधपत्रकारितेत नावाजलेल्या आयडा टार्बेलने लेखणी चालवण्याचे पहिले धडे याच मासिकाच्या कचेरीत गिरवले. वाचनमंडळाचा कारभार पाहण्यासाठी केट किंबल नावाची, नुकतीच शाळा संपवलेली अठरा वर्षांची मुलगी नेमली गेली. १९१७ साली मृत्यू येईपर्यंत तिने हे काम सांभाळले. साहित्याच्या इतिहासग्रंथांत तिचे नाव सापडत नाही. परंतु अमेरिकेच्या आडगावातील हजारो घरांत ग्रीक इतिहास आणि इंग्रजी वाङ्मय पोचवण्यात तिच्या पत्रव्यवहाराचा वाटा एखाद्या नामवंत प्राध्यापकाहून कमी मानता येणार नाही.

या वाचकांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते, ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी. महाविद्यालयाचे दार ज्यांच्यासाठी जेमतेम किलकिले झाले होते, त्यांना हा घरचा अभ्यासक्रम मोलाचा वाटला. चार वर्षांचे वाचन पुरे करणाऱ्यांचा पदवीदानासारखा समारंभ तळ्याकाठी होई. एका सोनेरी फाटकातून ते ओळीने आत येत. आज हा थाट काहीसा बाळबोध वाटेल. पण ज्या बाईने स्वयंपाकघरातील दिव्याच्या उजेडात चार वर्षे पुस्तके वाचली, तिला त्या फाटकातून जाताना काय वाटले असेल, याची कल्पना महाविद्यालयीन पदव्या सहज मिळालेल्या आपल्याला करता येणे कठीण आहे.

स्त्रियांच्या संघटनेलाही या भूमीने बळ दिले. ‘वुमन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन’ या दारूबंदीसाठी झटणाऱ्या संघटनेची कल्पना १८७४ च्या त्या पहिल्याच सभेत जमलेल्या स्त्रियांच्या बोलण्यातून पुढे आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात क्लीव्हलंड येथे ती साकार झाली. मराठी वाचकाला या संघटनेची ओळख पंडिता रमाबाईंमुळे आहे. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी १८८६ साली अमेरिकेस गेलेल्या रमाबाईंनी या संघटनेशी जवळचे नाते जोडले. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या १८८९ च्या त्यांच्या ग्रंथात तिकडील स्त्रियांच्या संस्थात्मक कार्याविषयी जे कुतूहल आणि आदर दिसतो, त्यामागे असे एकत्र येण्याचा सराव झालेला समाज उभा होता.

मूळ सभेचे यश पाहून जागोजागी तशाच सभा निघाल्या. ओहायोत लेकसाइड, मिशिगनमध्ये बे व्ह्यू, टेनेसीत मॉन्टईगल, कॅलिफोर्नियात पॅसिफिक ग्रोव्ह ही त्यांतील काही ठळक नावे. मूळ संस्थेची या सभांवर मालकी नव्हती. गावाने जागा मिळवायची, मंडप उभारायचा, वक्ते बोलवायचे आणि तोटा आल्यास सोसायचा, अशी रीत होती. कोलोराडोतील बोल्डरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. टेक्सासमधील शिक्षकांना उन्हाळ्यात थंड हवेत अभ्यासवर्ग हवे होते, रेल्वे कंपनीला प्रवासी हवे होते आणि गावाला प्रतिष्ठा हवी होती. गावकऱ्यांनी मतदान करून कर्जरोखे काढण्यास मान्यता दिली, डोंगराच्या पायथ्याशी जमीन घेतली आणि १८९८ च्या ४ जुलैला सभा सुरू झाली. ज्ञान, नफा आणि अभिमान यांची ही मिसळ सर्वत्र होती. तिला केवळ आदर्शवादाचे लेणे चढवणे योग्य नव्हे. मात्र गावाने पैसा आणि श्रम घातल्यामुळे सभा गावाची झाली, हेही तितकेच खरे.

१९०४ पासून चित्र बदलले. कीथ व्हॉटर या व्यावसायिकाने फिरत्या शटॉक्वाची पद्धत आणली. वक्त्यांचे, वादकांचे, जादूगारांचे संच ठरलेले आणि तंबूही ठरलेले. सर्कशीच्या पांढऱ्या तंबूशी गल्लत होऊन सभ्य घरातल्या माणसांनी नाक मुरडू नये म्हणून तपकिरी रंगाचे तंबू वापरत. पहिल्या दिवसाचा वक्ता आज या गावी, उद्या पुढच्या गावी, तेथेही पहिल्याच दिवसाला. त्याच्यामागून दुसऱ्या दिवसाचा वक्ता, अशी ही साखळी रेल्वेच्या वेळापत्रकावर चाले. गावातील प्रतिष्ठितांनी ठराविक रकमेच्या तिकिटांची हमी लिहून द्यायची. तिकिटे खपली नाहीत तर तूट त्यांच्या खिशातून. नफा कंपनीचा आणि जोखीम गावाची, असा हा व्यवहार होता.

या तंबूंनी अमेरिकेला बरेच दिले, हे नाकारता येत नाही. ज्या गावांनी कधी वाद्यवृंद ऐकला नव्हता, त्यांनी तो ऐकला. विल्यम जेनिंग्ज ब्रायनसारखा वक्ता प्रत्यक्ष पाहिला. पण कार्यक्रम सर्वांना चालेल असा, कोणालाही न दुखावणारा होऊ लागला. व्याख्यानमंचांवर अफाट गाजलेले भाषण म्हणजे रसेल कॉनवेलचे ‘एकर्स ऑफ डायमंड्स’. सिंधू नदीजवळ राहणारा एक शेतकरी हिऱ्यांच्या शोधात देशोधडीला लागतो आणि त्याच्याच जमिनीत गोवळकोंड्याची खाण सापडते, अशी त्यातील कथा आहे. कॉनवेलने हे भाषण सहा हजारांहून अधिक वेळा दिले. गोवळकोंडा सिंधूकाठी नाही, ही गोष्ट त्या हजारो सभांच्या आड आली नाही! हेच व्यासपीठ एकेकाळी जमिनीवर नकाशा रचून भूगोल शिकवत होते, हे आठवले की झालेला बदल ध्यानात येतो.

शटॉक्वावर साहित्यिकांनी आणि विचारवंतांनी केलेली टीका येथे विचारात घ्यावयास हवी. सिंक्लेअर लुइसच्या १९२० च्या ‘मेन स्ट्रीट’ या कादंबरीत डॉक्टरची पत्नी कॅरल मोठ्या आशेने गावातल्या फिरत्या शटॉक्वाला जाते आणि तिच्या पदरी पोकळ शब्द पडतात. त्याआधी १८९६ साली तत्त्वज्ञ विल्यम जेम्स तळ्याकाठच्या मूळ सभेला गेला होता. एका दिवसासाठी गेलेला जेम्स तेथे आठवडाभर रमला. बाहेर पडल्यावर मात्र त्याला सुटल्यासारखे वाटले. त्या सुरक्षित, सुसंस्कृत जगात संघर्षाची धार नाही, असे त्याला जाणवले. परतीच्या गाडीतून उंच लोखंडी सांगाड्यावर काम करणारा मजूर दिसला आणि खरी वीरवृत्ती येथे आहे, असे त्याच्या मनात आले.

जेम्सच्या टीकेत तथ्य आहे, पण ते अर्धे आहे असे आम्हांला वाटते. हार्वर्डच्या प्राध्यापकाला जी शांतता कंटाळवाणी वाटली, ती मिळवण्यासाठी कोणा शिक्षिकेने वर्षभर पैसे साठवले असतील. ज्याला विद्यापीठ लाभले आहे, त्याने विद्यापीठाच्या नीरसतेची तक्रार करावी, यात नवल नाही. जेम्सने दाखवलेली खरी उणीव वेगळीच आहे : तो मजूर कुंपणाच्या आत नव्हता. शटॉक्वाला कुंपण होते, फाटक होते आणि आत जाण्यास शुल्क होते. कृष्णवर्णीय गायकांच्या ‘ज्युबिली’ संचांना व्यासपीठावर टाळ्या मिळत. श्रोत्यांत मानाने बसण्याचा प्रश्न मात्र वेगळा होता. ज्ञान सर्वांसाठी आहे, असे म्हणणाऱ्या सभेतले ‘सर्व’ कोण, हा प्रश्न आपल्याकडेही त्याच काळात विचारला गेला. १८८५ च्या पुण्यातील ग्रंथकार सभेचे निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांनी ज्या पत्राने नाकारले, ते पत्र मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेले असते.

फिरत्या शटॉक्वाने १९२४ साली कळस गाठला आणि नंतर दहा वर्षांच्या आत त्याचे तंबू गुंडाळले गेले. नभोवाणी, बोलपट, मोटारगाडी आणि आर्थिक महामंदी ही कारणे नेहमी दिली जातात. ती खरीही आहेत. पण महामंदी तळ्याकाठच्या मूळ संस्थेवरही आली होती. १९३३ साली ती कर्जापायी न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हाती गेली. तेव्हा तेथे दर उन्हाळ्यात येणाऱ्या लोकांनी निधी उभारून १९३६ पर्यंत तिला कर्जमुक्त केले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तेथे युद्धाविरुद्धचे आपले प्रसिद्ध भाषण केले. लेकसाइड, बे व्ह्यू, मॉन्टईगल, बोल्डर यांसारख्या काही स्थानिक सभाही टिकून राहिल्या. हमीपत्रावर सही करणाऱ्यांनी तंबू वाचवला नाही; पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्यांनी तळे वाचवले. आमच्या प्रश्नाचे ऐतिहासिक उत्तर येथेच मिळते. विकत घेतलेला कार्यक्रम दुसरा स्वस्त कार्यक्रम मिळेपर्यंतच टिकतो.

१२ ऑगस्ट २०२२ रोजी याच शटॉक्वाच्या व्यासपीठावर मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दी यांच्यावर चाकूहल्ला झाला. परागंदा लेखकांना अमेरिकेत मिळणाऱ्या आश्रयाविषयी ते बोलणार होते. त्यांचा एक डोळा गेला. हल्लेखोराला २०२५ साली पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. जेम्सला जेथे संघर्षाचा मागमूस दिसला नव्हता, तेथे शब्दाची किंमत रक्ताने मोजली गेली. त्या वेळी श्रोत्यांतली काही माणसे जागेवरून उठून व्यासपीठावर धावली आणि त्यांनी हल्लेखोराला धरून ठेवले. व्याख्यान ऐकायला आलेली ही माणसे कोणत्याही अर्थाने सुरक्षारक्षक नव्हती.

वसंत व्याख्यानमालेच्या प्रारंभाला २०२५ साली दीडशे वर्षे झाली. व्याख्यानमाला, ग्रंथालये, साहित्य संमेलने यांच्या भविष्याची चिंता आपण करतो, तेव्हा बोलणे बहुधा वक्ते, अनुदान आणि गर्दी यांभोवतीच फिरते. केट किंबलच्या कचेरीत वेगळा हिशेब चाले : पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कोण काय वाचणार आहे आणि कोणाबरोबर. आपल्या सभागृहांतून उठून घरी जाणाऱ्या श्रोत्याच्या हाती आपण असे काय देतो, हे साहित्याच्या अध्यापकांनी तरी स्वतःला विचारावे.