डोक्याचा मार आणि बीपीची गोळी

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईने कर्ज मागितलं. तिचा मुलगा मोटारसायकलवरून पडला होता, डोक्याला जबर मार बसला होता. महिनाभर दवाखान्यात काढून तो घरी आला, तो बीपीच्या गोळ्या घेऊनच. ताई म्हणाली, "चोवीस वर्षांच्या पोराला बीपी कसलं? गोळ्या बंद केल्या तर तेवढेच पैसे वाचतील." आम्ही सगळ्या गप्प. मग मी वाचायला बसले, आणि हाती लागला शंभर वर्षांहून जुना इतिहास.

१९०१ साली हार्वे कुशिंग हा अमेरिकेतला तरुण डॉक्टर स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात प्रयोग करत होता. आपली कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. आत सूज आली किंवा रक्त साचलं की दाब वाढतो आणि मेंदूला रक्त पोचेनासं होतं. कुशिंगला दिसलं, की अशा वेळी शरीर स्वतःच बीपी वाढवतं, जोर लावून मेंदूला रक्त पोचवायला बघतं. त्याच प्रवासात इटलीतल्या पाविया गावी त्याने दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं यंत्र पाहिलं. ते रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये काढलं होतं. कुशिंगने ते अमेरिकेत नेलं. उपकेंद्रात सिस्टर आपल्या दंडाला बांधतात तो पट्टा त्याचाच वारस.

मोजता आलं, पण औषध कुठे होतं? १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दिवशी त्यांच्या बीपीचा वरचा आकडा ३०० होता. एवढ्या मोठ्या देशाच्या अध्यक्षालाही तेव्हा चांगली गोळी मिळू शकली नाही.

पुढचं पाऊल आपल्या मुंबईत पडलं. १९४९ मध्ये डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने बीपी उतरतं, हा आपला अनुभव इंग्लंडच्या वैद्यकीय मासिकात छापला आणि जगाचं लक्ष वेधलं. त्या मुळीतून १९५२ मध्ये रिसर्पीन वेगळं काढलं गेलं. पण त्याने काहींचं मन फार खचायचं, म्हणून ते मागे पडलं. तेव्हा ती मुळी घरी उगाळून घेऊ नका बरं. १९६० नंतर ब्रिटनच्या जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रानोलॉल हे औषध शोधलं. १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

इथे ताईचं उत्तर सापडतं. जबर मारानंतर कधी कधी मेंदूचा शरीरावरचा ताबा सुटतो. छाती धडधडते, घाम फुटतो, बीपी चढतं. वय कितीही असो. प्रोप्रानोलॉलसारखी गोळी त्या उसळीला आवर घालते.

पण बीपी उतरणंही तितकंच वाईट. १९९३ मध्ये अमेरिकेत ७१७ जबर जखमींच्या नोंदी तपासल्या. ज्यांचा वरचा आकडा सुरुवातीला एकदा जरी ९० च्या खाली गेला, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. म्हणून १९९५ च्या नियमावलीत बीपी पडू देऊ नका, यावर भर दिला गेला. अतिदक्षता विभागात सलाइनमधून बीपी चढवायचंही औषध देतात, ते यासाठी.

म्हणजे चढही नको, उतारही नको. जास्तीची गोळी घेऊन चक्कर आली, पेशंट पुन्हा पडला, तर दुसरा मार बसेल. आणि अशी गोळी एकदम तोडली तर बीपी उसळून येऊ शकतं. ती टप्प्याटप्प्याने कमी करतात, आणि ते डॉक्टरच ठरवतात.

ताई पोराला घेऊन डॉक्टरांकडे गेली. त्यांनी गोळी बंद केली नाही, अर्धी केली. आता आमच्या गटातल्या बाया पाळीपाळीने त्याला उपकेंद्रात नेतात, बीपी मोजून आणतात आणि तारीख घालून वहीत लिहितात. बचतीच्या वहीत एक रुपया चुकला तर आपण हिशेब पुन्हा मांडतो ना? मग या आकड्यालाही तेवढंच जपू या.