अपघातानंतर उपचारांतही हलगर्जी झाली, तर भरपाई कोणाकडे मागायची?

समजा, बाळकुम नाक्यावर एका कारने दुचाकीस्वाराला धडक दिली आणि त्याचा पाय मोडला. हाड जुळून तो काही महिन्यांत चालू लागला असता. पण रुग्णालयात जखमेतील संसर्गाकडे दुर्लक्ष झाले आणि पाय कापावा लागला. इथे चुका दोन आहेत: आधी कारचालकाची, नंतर रुग्णालयाची. भारतीय कायद्यात या दोन चुकांची दाद दोन वेगळ्या ठिकाणी मागावी लागते. एक दावा दाखल केला म्हणून दुसरा आपोआप होत नाही आणि दोन्हींच्या मुदतीही वेगळ्या आहेत.

वाहनाविरुद्धचा दावा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ नुसार जखमी व्यक्ती किंवा मृताचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करतात. बाळकुममधील अपघातासाठी हा अर्ज ठाण्यात करता येतो. वाहनमालक, चालक आणि विमा कंपनी हे प्रतिवादी असतात. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तरीही सहा महिन्यांच्या आत अर्ज करणेच सुरक्षित. चालकाची चूक सिद्ध करणे अवघड असेल, तर कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात.

अशा दाव्यात विमा कंपनी म्हणू शकते, ‘पाय गेला तो उपचारांमुळे, अपघातामुळे नव्हे.’ मग न्यायाधिकरण अपघात आणि अंतिम हानी यांचा संबंध तपासते. अपघात झाला नसता तर रुग्णालयात जाण्याची वेळच आली नसती, म्हणून उपचारांतील साध्या चुकीने हा संबंध सहसा तुटत नाही. चूक अत्यंत गंभीर किंवा मूळ दुखापतीशी असंबद्ध असेल, तर मात्र वाद उभा राहतो. दावा चालू असताना जखमी दुसऱ्या कारणाने दगावला, तरी उपचारखर्च आणि बुडालेले उत्पन्न यांसाठी वारसांना दावा पुढे चालवता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे.

रुग्णालयाविरुद्धचा दावा

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे. मोजलेले शुल्क ५० लाखांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. मागितलेली भरपाई किती, यावर ते ठरत नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. सर्वांना मोफत सेवा देणारे रुग्णालय या कायद्याबाहेर राहते. केसपेपरच्या नाममात्र शुल्काने त्यात फरक पडत नाही. तिथे दिवाणी दावा करावा लागतो. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी महिलेच्या पोटात टॉवेल राहिला होता. त्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला जबाबदार धरले.

उपचार अपयशी ठरले म्हणजे हलगर्जी झाली, असे मात्र नाही. या बाबतीत आजही उद्धृत होणारा निकाल महाराष्ट्रातलाच आहे: लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले. १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाचे मांडीचे हाड मोडले. पुण्यातील रुग्णालयात पुरेशी भूल न देता, जोर लावून हाड बसवले गेले आणि त्याच दिवशी तो दगावला. तीन हजार रुपयांची भरपाई १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिली. रुग्ण स्वीकारावा का, कोणते उपचार द्यावेत आणि ते कसे द्यावेत, या तिन्ही बाबतींत डॉक्टरने वाजवी काळजी घ्यायला हवी, असे न्यायालयाने म्हटले. हाड मोडले ते अपघाताने. तरी मृत्यूची जबाबदारी उपचार करणाऱ्यावर आली.

डॉक्टरवर फौजदारी गुन्हा ठरण्यासाठी कसोटी अधिक कडक आहे. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार हलगर्जी घोर स्वरूपाची असावी लागते.

दोन्हीकडे दावा करताना

एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत. म्हणून मूळ दुखापत किती होती आणि उपचारांमुळे ती किती वाढली, हे वेगळे दाखवावे लागते. पोलिसांचा एफआयआर आणि घटनास्थळाचा पंचनामा पहिल्या भागासाठी लागतो. दाखल होतानाच्या नोंदी, एक्स-रे, औषधांचे तक्ते आणि डिस्चार्ज कार्ड दुसऱ्यासाठी. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी देणे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्या तीन वर्षे जपायच्या असतात. दुसऱ्या रुग्णालयात हलवण्यापूर्वीच त्या मागून घेतल्या, तर पाय नेमका कोणत्या दिवशी आणि कशामुळे बिघडत गेला, हे पुढे कागदावर दाखवता येते.