सर्वांत हळू गाडीची शर्यत

शर्यत म्हटली की आमच्या पंढरपूर-मंगळवेढा-सांगोला पट्ट्यातल्या माणसाला आधी धुरळा आठवतो. जो पुढे गेला तो जिंकला, हा हिशेब सगळ्यांना पाठ. रिमोटवर चालणाऱ्या रॉक क्रॉलर गाड्यांच्या स्पर्धेला मात्र तो लागू पडत नाही. हातभर किंवा वीतभर लांबीची गाडी दगडांच्या ढिगावरून चढवायची, उतरवायची, आणि ज्याच्या चुका सर्वांत कमी, तो जिंकला.

वडिलांनी सुरू केलेलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान मी चालवतो. आता रेडिओ क्वचितच येतात. टीव्ही, मिक्सर आणि पोरांच्या रिमोटच्या गाड्या येतात. त्या गाड्या उघडता उघडता मला त्यांच्या इतिहासाचा नाद लागला. हा खेळ डोंगरावरून खोलीत कसा आला, ती हकिकत आपल्या गावाच्याही उपयोगाची आहे, असं मला मनापासून वाटतं.

बिनतारी यंत्रणेने दूरच्या वस्तू चालवण्याची सुरुवात बंद सभागृहातच झाली. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये बिनतारी लहरींनी घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. १८९८ मध्ये निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात लहानशी बोट तारेशिवाय फिरवली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९७ मध्ये, आपल्या भागात बार्शी लाईट रेल्वे धावू लागली होती. १९०६ मध्ये ती पंढरपुरात पोचली आणि वारकऱ्यांची गाडी झाली.

बार्शी लाईटची आठवण इथे काढण्याचं कारण आहे. तिचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने रूळ हलके घेतले, दोन रुळांतलं अंतर अडीच फूट ठेवलं आणि एकाही ॲक्सलवर पाच टनांहून जास्त भार पडू नये, अशा बेताने इंजिनं आणि डबे आखून घेतले. भार नीट वाटला तर हलक्या रुळावरून लहान गाडीही मोठं ओझं नेते, हे त्याने करून दाखवलं. क्रॉलरचं सगळं शास्त्र या भार वाटण्यातच आहे.

रिमोटच्या गाड्यांचा छंद घरोघर नेला तो जपानच्या तामिया कंपनीने. १९७६ मध्ये तिने पोर्शे ९३४ ही विजेवर चालणारी गाडी बाजारात आणली. पुढची बरीच वर्षं सगळी ओढ वेगाची होती. अशा शर्यतीला मोकळी जागा लागायची आणि तेलावरच्या इंजिनांचा धूर खोलीत चालण्यासारखा नव्हता. त्यात लहरींचा घोळ. २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात नेहमीचे सहाच चॅनेल. त्यांचे रंग तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. रिमोटचा चॅनेल ठरवणारे एकाच रंगाचे दोन क्रिस्टल एका वेळी चालू झाले की एकाच्या रिमोटने दुसऱ्याची गाडी पळायची. म्हणून क्लबात फळ्यावर रंगीत चिमटे लावलेले असत. ज्याच्या हाती चिमटा, त्यानेच रिमोट चालू करायचा.

दगडांवर गाडी चढवण्याचा नाद आला मोठ्या जीपकडून. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरातल्या रुबिकॉन वाटेवर १९५३ मध्ये पहिली जीप जांबोरी, म्हणजे जीपवाल्यांचा मेळावा, भरली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत खडकांवरच्या रीतसर स्पर्धा सुरू झाल्या आणि पाठोपाठ छंदी मंडळींनी त्या लहान गाड्यांत उतरवल्या. तयार क्रॉलर तेव्हा दुकानात मिळत नव्हता. तामियाच्या १९८७ च्या क्लॉड बस्टर या मॉन्स्टर ट्रकमध्ये दोन मोटरी होत्या, प्रत्येक ॲक्सलवर एक. लोकांनी ते ॲक्सल काढून घेतले आणि त्यावर घरी कापलेली, जोडलेली चासी बसवली. २००७ मध्ये ॲक्सिअल कंपनीची एएक्स१० स्कॉर्पियन आली आणि हा जुगाड खोक्यात विकत मिळू लागला.

नियमही तयार झाले. अमेरिकेतल्या यूएसआरसीसीए या संघटनेचे नियम अनेक क्लबांनी उचलले. चाकाच्या रिमच्या मापावर गट पडतात: १.९ इंच, २.२ इंच. वाटेत दोन-दोन खुणांची दारं रोवलेली असतात आणि गाडी त्यांच्या मधून, ठरलेल्या क्रमाने न्यायची. गाडी मागे घेतली की एक गुण दंड, दाराच्या खुणेला लागली की दहा. वेळ ठरलेली असते, पण घाई करणारा हमखास खुणेला धडकतो.

आता माझ्या टेबलावरची गाडी बघा. डिफरन्शियल लॉक केलेला आहे, त्यामुळे एक चाक हवेत राहिलं तरी दुसऱ्याची ताकद जात नाही. टायरमध्ये दाबाने भरलेली हवा नाही, आत फोम आहे. रिमला बारीक भोक असतं. दगडावर टायर दबला की हवा त्यातून बाहेर जाते आणि रबर दगडाला धरून बसतं. मोटर ५५ टर्नची, म्हणजे गुंडाळे जास्त, फेरे कमी, ओढ मोठी. चढावर पुढची बाजू हलकी होऊन गाडी मागे उलटते. त्यावर उपाय म्हणून व्हील बॅलन्सिंगच्या दुकानात मिळतात तशा शिशाच्या पट्ट्या पुढच्या रिमच्या आत चिकटवायच्या. पट्टी किती आणि कुठे, यात गाडीवाल्याचं कसब दिसतं. कॅलथ्रॉपचा धडा इथे हाताने गिरवता येतो.

अशी गाडी खोलीत आली त्याची कारणं आता ओळीने मांडता येतात. ती सावकाश चालते, म्हणून तिला जागा कमी लागते. ती बॅटरीवर चालते, म्हणून धूर नाही. २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आल्यावर क्रिस्टल गेले, चिमट्यांचा फळा गेला. एका खोलीत दहा जण दहा गाड्या चालवू शकतात. आणि २०२० च्या सुमारास ॲक्सिअलची एससीएक्स२४ ही खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याची गाडी आली, तेव्हा टेबलाएवढी जागाही पुरू लागली. थंडीच्या देशांत बाहेर बर्फ असताना छंदी लोक प्लायवूड, दगड आणि सिमेंटची वाट रचून आत स्पर्धा भरवतात, त्यामागे हे सगळं आहे.

आपल्याकडे लहरींवर सरकारी नजर कडक होती. रेडिओ नुसता ऐकायलाही पोस्टातून लायसन्स काढावं लागे. तिकिटं चिकटवलेल्या त्या पुस्तिका वडिलांच्या दुकानात मी पाहिल्या आहेत. १९८० च्या दशकात ते लायसन्स गेलं. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ च्या जानेवारीत कमी शक्तीच्या उपकरणांना विनापरवाना खुला झाला. वाय-फाय आणि ब्लूटूथ त्यावर आले, तसे हे रिमोटही.

पंढरपुरात आषाढीला रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, पावसाळ्यात मैदानावर चिखल असतो. पण काळ्या दगडाला इथे तोटा नाही. भीमेच्या पात्रातले गुळगुळीत गोटे तर क्रॉलरची खरी परीक्षा घेतात. गेल्या पावसाळ्यात दुकानामागच्या खोलीत चार पोरांबरोबर मी ते रचून पाहिले. कोरड्या दगडावर सहज चढलेली गाडी ओल्या गोट्यावर घसरली. "काका, आता वजन मागं घेऊया का?" असं एका पोराने विचारलं. त्याने ते स्वतः बदलून पाहिलं, गाडी उलटली, आणि गुरुत्वमध्य म्हणजे काय ते त्याला कळलं.

शाळा, आयटीआय आणि इंजिनिअरिंग कॉलेज चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. पावसाळ्यात एक खोली द्या, तिथे ट्रॉलीभर दगड टाका आणि पोरांना आपापल्या गाड्या उघडू द्या. बक्षीस फार मोठं नको. गाडी चालवणाऱ्याने ती स्वतः जोडलेली असावी, एवढी एकच अट ठेवा.